मांसल कोंबड्यांना जागा किती हवी?

मुंबई-नाशिक महामार्गावरील शहापूर आणि कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके मुख्यतः भातशेतीचे आहेत. पाऊस चार महिने मुबलक पडतो. परंतु भाताची कापणी आटोपली की बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताला पुरेसे काम उरत नाही. अशा परिस्थितीत मांसल कोंबड्यांचे पालन हा या भागातील एक महत्त्वाचा पूरक व्यवसाय ठरला आहे. कल्याण, भिवंडी, ठाणे व मुंबई या मोठ्या बाजारपेठा जवळ आहेत. पक्ष्यांच्या पायाखाली अंथरण्यास लागणारा भाताचा तूस गावोगावच्या गिरण्यांतून मिळतो. भात न पिकणाऱ्या वरकस जमिनीवर शेड उभारता येते. शिवाय महिना-दीड महिन्यात एक लॉट निघत असल्याने गुंतविलेला पैसा फार काळ अडकून पडत नाही.

या व्यवसायात उतरणाऱ्या प्रत्येकापुढे पहिला प्रश्न येतो तो असा, की शेडमध्ये पिल्ले किती सोडावयाची? प्रश्न वरवर सोपा दिसतो आणि त्याचे उत्तरही ठरल्यासारखे आहे: एका पक्ष्यास एक चौरस फूट. शासनाच्या पशुसंवर्धन विभागाच्या नावीन्यपूर्ण योजनेतही १००० मांसल पक्ष्यांसाठी १००० चौरस फुटांचे पक्षिगृह गृहीत धरण्यात आले आहे. हा ठोकताळा चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. पिल्लू शेडमध्ये येते तेव्हा त्याचे वजन सुमारे ४० ते ४५ ग्रॅम असते. तोच पक्षी बाहेर पडतो तेव्हा दोन किलोंच्या पुढे गेलेला असतो. शेडची लांबी-रुंदी मात्र तेवढीच राहते. म्हणून जागेचा हिशेब पिल्लांच्या संख्येवर न करता अखेरच्या आठवड्यातील एकूण वजनावर करावयास हवा, आणि तोही ऋतुमान पाहून. हा फरक लक्षात न घेतल्याने लॉट तोट्यात जातो आणि पक्ष्यांचेही हाल होतात.

पक्षी बदलला, फूट तेवढाच राहिला

मांसल कोंबडी ही गेल्या काही दशकांतील निवड पैदाशीने घडविलेली जात आहे. ही वाढ किती झपाट्याने झाली हे कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेवरून स्पष्ट होते. त्यांनी १९५७ व १९७८ सालच्या जतन करून ठेवलेल्या जाती आणि २००५ सालची व्यापारी जात एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढविल्या. ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम भरली. सुमारे अर्ध्या शतकात पक्ष्याचे वजन चौपटीहून अधिक झाले.

महाराष्ट्रात या व्यवसायास आधुनिक वळण लागले ते १९७० नंतर. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था स्थापन केली आणि पुढे पुणे हे देशातील कुक्कुट व्यवसायाचे एक प्रमुख केंद्र बनले. सुधारित जातींची पिल्ले, तयार खाद्य व लसी खेड्यापर्यंत पोहोचू लागल्या. या प्रगतीबरोबर जागेचा ठोकताळा मात्र बदलला नाही. पक्षी दीड किलोवर विकला तरी एक फूट आणि अडीच किलोवर विकला तरी एक फूट, असेच पुष्कळ ठिकाणी चालते.

एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट असतात. पक्ष्यास एक फूट जागा दिली आणि तो दीड किलोवर विकला, तर एका चौरस मीटरवर सुमारे १६ किलो वजन येते. दोन किलोवर ते साडेएकवीस किलो होते व अडीच किलोवर सुमारे २७ किलो होते. म्हणजे पिल्लांची संख्या तीच असूनही शेडमधील गर्दी दीडपटीहून अधिक वाढलेली असते. शेतकऱ्यास हा हिशेब अधिक सोप्या रीतीने करता येईल. शेडमधील पक्ष्यांची संख्या गुणिले सरासरी वजन, भागिले शेडचे चौरस फूट; येणारे उत्तर म्हणजे दर फुटामागील किलो. हा एकच आकडा दर आठवड्यास काढून वहीत नोंदविल्यास शेडची स्थिती सहज कळून येईल.

पहिले तीन आठवडे दिशाभूल करणारे असतात. पिल्ले लहान, शेड मोकळी आणि गादी कोरडी असते. आणखी काहीशे पिल्ले सहज मावली असती असे मालकास वाटत राहते. वस्तुतः पक्ष्याच्या एकूण वजनाचा जवळजवळ निम्मा भाग अखेरच्या दहा-बारा दिवसांत भरतो. गर्दीचा प्रश्न तेव्हा उभा राहतो, आणि त्या वेळी तो सोडविण्याचे मार्ग फारच थोडे उरलेले असतात.

गर्दीने वाढ का खुंटते?

दाटीत पक्ष्यांना खाद्यापर्यंत पोहोचता येत नाही म्हणून ते कमी वाढतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खाद्याची भांडी कमी असतील तर हे खरे आहे. परंतु भांडी पुरेशी असूनही दाटीत वाढ खुंटते. याचे मुख्य कारण उष्णता हे होय.

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि तिला घर्मग्रंथी नसतात. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचे तिच्यापाशी दोनच प्रमुख मार्ग आहेत: पंख सैल करून अंगाभोवती हवा खेळू देणे आणि चोच उघडून धापा टाकणे. दोन किलोंचा पक्षी सुमारे १५ वॅट किंवा त्याहून थोडी अधिक उष्णता बाहेर टाकतो. या हिशेबाने हजार पक्ष्यांची शेड म्हणजे एक किलोवॅटच्या पंधरा शेगड्या रात्रंदिवस पेटत्या ठेवल्यासारखीच होय. पक्षी एकमेकांस खेटून बसले की त्यांच्यामधील हवा हलत नाही व ही उष्णता तेथेच कोंडून राहते. शेडच्या मध्यावर टांगलेला तापमापक ३२ अंश दाखवीत असला तरी पक्ष्यांच्या उंचीवर, दोन अंगांच्या मधल्या जागेत, ते अधिक असते. खाद्य पचविताना अंगात आणखी उष्णता निर्माण होते. म्हणून पक्षी आपोआपच खाणे कमी करतो. खाणे कमी झाले की वाढ मंदावते. धापा टाकण्यात शक्ती खर्च होते, रक्तातील कर्बवायूचे प्रमाण घटून त्याचा तोल बिघडतो, आणि फार उष्ण दिवशी दुपारनंतर मोठे, वजनदार पक्षी प्रथम दगावतात.

दुसरे कारण विश्रांतीचा अभाव. वाढत्या वयाचा पक्षी दिवसाचा मोठा भाग बसून घालवितो. दाटीत भांड्याकडे जाणारा प्रत्येक पक्षी बसलेल्या दहा पक्ष्यांना तुडवीत जातो. यामुळे झोपमोड होते, पाठीवर व मांड्यांवर ओरखडे उठतात आणि त्या जखमा चिघळतात. चालण्यास जागा नसल्याने पायांना व्यायाम मिळत नाही. वजन झपाट्याने वाढत असताना पाय दुबळे राहिले तर पक्षी लंगडतो, भांड्यापर्यंत जाऊ शकत नाही, आणि शेवटी तहानेने व उपासमारीने मरतो.

गादी ओली, तर सारेच बिघडते

तिसरे कारण पायाखालची गादी. पक्षी जेवढे खाद्य खातो त्याच्या सुमारे दुप्पट पाणी पितो. उन्हाळ्यात त्याहून अधिक. दोन किलोंचा पक्षी तयार होईपर्यंत सव्वातीन किलोंच्या आसपास खाद्य खातो असे धरल्यास तो सहा लिटरांहून अधिक पाणी पितो. हजार पक्ष्यांच्या लॉटमध्ये हे प्रमाण सहा हजार लिटरांवर जाते. यांपैकी बरेचसे पाणी विष्ठेवाटे गादीत व श्वासावाटे हवेत येते. गादीतील पाणी वाऱ्याने वाळून गेले पाहिजे. पक्षी वाढले की गादीवर पडणारे पाणी वाढते आणि गादीला वारा लागणारी उघडी जागा मात्र कमी होते. वाळण्याचा वेग ओल्या होण्याच्या वेगाहून कमी पडला की गादीचे ढेपे बनू लागतात.

चांगल्या गादीत ओलाव्याचे प्रमाण २० ते २५ टक्के असावे. ते ३० ते ३५ टक्क्यांच्या पुढे गेले की अनिष्ट परिणामांची साखळी सुरू होते. विष्ठेतील युरिक आम्लावर जंतूंची क्रिया होऊन अमोनिया वायू सुटतो. या वायूने पक्ष्यांचे डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचे अस्तर दुखावते आणि श्वसनाच्या रोगांना वाट मोकळी होते. हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांहून अधिक अमोनिया असू नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. रोज शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाच्या नाकास या वासाची सवय होऊन जाते. त्यामुळे धोका त्याच्या लक्षात येण्यास उशीर होतो. ओल्या गादीवर उभे राहून तळपायाची कातडी भाजल्यासारखी काळी पडते. पुढे तेच डाग पायाच्या सांध्यावर व छातीवर दिसू लागतात. रक्ती हगवण म्हणजेच कॉक्सिडिओसिस या रोगाच्या परजीवींची अंडी ओलाव्यातच रोगकारक बनतात. अशा रीतीने पिल्ले सोडण्याच्या दिवशी झालेली चूक शेवटी औषधांच्या खर्चात दिसून येते.

शास्त्रीय निष्कर्ष काय सांगतात?

या विषयावर परदेशांत बराच अभ्यास झाला आहे. युरोपीय आयोगाच्या शास्त्रीय समितीने २००० साली दिलेल्या अहवालात असा निष्कर्ष काढला, की मोठे दुष्परिणाम टाळावयाचे असल्यास घनता चौरस मीटरमागे २५ किलो अथवा त्याहून कमी असावी. ३० किलोंच्या पुढे व्यवस्था उत्तम असली तरी गंभीर तक्रारी झपाट्याने वाढतात. २००७ च्या युरोपीय निर्देशाने ३३ किलोंची सर्वसाधारण मर्यादा घातली व हवेच्या नियंत्रणाची विशेष सोय असल्यास ३९ आणि कमाल ४२ किलोंपर्यंत सवलत ठेवली. २०२३ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केवळ पक्ष्यांच्या कल्याणाचा विचार करून ११ किलोंची शिफारस केली आहे. म्हणजे दोन किलोंच्या एका पक्ष्यास जवळजवळ दोन चौरस फूट. आर्थिक दृष्ट्या ही शिफारस कोठेही सहज परवडणारी नाही. परंतु पक्ष्यास खरी गरज किती आहे, हे तिच्यावरून समजते.

या सर्व अभ्यासांत ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मेरियन डॉकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला आणि २००४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे. तो प्रयोगशाळेत झाला नाही. ब्रिटन व डेन्मार्कमधील दहा मोठ्या उत्पादकांच्या प्रत्यक्ष शेडमध्ये, सुमारे २७ लाख पक्ष्यांवर, चौरस मीटरमागे ३० ते ४६ किलो अशा पाच निरनिराळ्या घनता ठेवून तो करण्यात आला. सर्वाधिक दाटीत वाढ मंदावली, धक्काबुक्की वाढली आणि उत्तम चालणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण घटले, हे खरे. परंतु पक्ष्यांच्या स्वास्थ्यात उत्पादका-उत्पादकांमध्ये जो फरक आढळला तो घनतेमुळे पडणाऱ्या फरकाहून मोठा होता. ज्याच्या शेडमधील तापमान, आर्द्रता व गादी योग्य होती त्याचे पक्षी चांगले राहिले.

या निष्कर्षाचा अर्थ शहापूर-मुरबाडच्या संदर्भात नीट लावला पाहिजे. व्यवस्था चांगली असेल तर गर्दी चालते, असा सोयीचा अर्थ त्यातून काढता येणार नाही. ब्रिटनमधील शेड बंदिस्त असते. तेथे हवा यंत्राने खेळविली जाते आणि तापमान यंत्राने राखले जाते. आपल्याकडील बहुसंख्य शेड दोन्ही बाजूंनी जाळीच्या, उघड्या आहेत. वारा वाहील तशी हवा आणि ऊन पडेल तसे तापमान, अशी त्यांची स्थिती असते. ज्या दिवशी वारा पडतो व वीज जाते, त्या दिवशी शेतकऱ्याच्या हातात फारसे काही राहत नाही. तेव्हा पक्षी वाचतात ते पूर्वीच कमी सोडलेल्या संख्येमुळे. उघड्या शेडमध्ये कमी संख्या हीच शेतकऱ्याच्या हातातील सर्वांत खात्रीची व्यवस्था होय.

ऋतुमानाप्रमाणे संख्या

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या वर जाते. मे महिन्याच्या उत्तरार्धात त्यात दमट हवेची भर पडते. कोरड्या हवेत पाण्याचा फवारा मारल्यास शेड थंड होते. दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो आणि गादी मात्र भिजते. म्हणून उन्हाळ्यातील लॉटसाठी पक्ष्यास सव्वा चौरस फुटाच्या आसपास जागा देणे इष्ट आहे. १०० फूट लांब व ३० फूट रुंद अशा शेडमध्ये हिवाळ्यात ३००० पक्षी चालत असतील, तर उन्हाळ्यात २४०० ते २५०० च ठेवावेत. छपरावर चुन्याचा पांढरा हात देणे, भाताचा पेंढा पसरणे, दुपारच्या वेळी खाद्य वर उचलून पहाटे व रात्री देणे, गार पाण्याची भांडी वाढविणे, हे उपाय त्याच्या जोडीला करावयाचे आहेत. केवळ त्यांच्या भरवशावर संख्या वाढविता येणार नाही.

पावसाळ्यात प्रश्न गादीचा असतो. या दोन्ही तालुक्यांत सरासरी २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाचे झोत आत येऊ नयेत म्हणून शेतकरी पडदे पूर्ण बंद करतो. पाणी अडते, परंतु अमोनिया व बाष्प आत कोंडून राहतात. पडदा खालच्या बाजूस पक्का बांधून वरून उघडता येईल असा लावल्यास पक्ष्यांवर वारा-पाऊस न येता दूषित हवा वरून निघून जाते. छपराची वळचण तीन ते चार फूट बाहेर काढणे, जोते जमिनीपासून उंच ठेवणे आणि शेड भाताच्या खाचरात न बांधता उंचवट्याच्या वरकस जमिनीवर बांधणे, यांस या भागात विशेष महत्त्व आहे. कोरडा तूस उन्हाळ्यातच साठवून ठेवावा. जुलैमध्ये गिरणीतून आणलेला ओला तूस निरुपयोगी असतो.

येथेच बाजार व ऋतू यांचा विरोध दिसून येतो. आषाढ अमावास्येपूर्वीच्या दिवसांत, म्हणजे गटारीला, कोंबड्यांची मागणी मोठी असते. त्या मागणीसाठी पिल्ले जूनच्या सुमारास सोडली जातात व ऐन पावसात वाढतात. चांगल्या भावाच्या आशेने पुष्कळ जण याच लॉटमध्ये जास्त पिल्ले भरतात. गादी ज्या दिवसांत सर्वांत वाईट, त्याच दिवसांत गर्दी सर्वांत अधिक, असा उलटा प्रकार घडतो. त्यानंतर श्रावण लागला की मागणी एकदम घटते. वेळेवर उचल न झालेले पक्षी शेडमध्येच वाढत राहतात. पक्ष्याचे वजन दिवसाला ७५ ग्रॅम वाढते असे धरल्यास ३००० पक्ष्यांच्या शेडमध्ये रोज सव्वादोनशे किलो वजनाची भर पडते. उचल पाच दिवस लांबली तर ११२५ किलो अधिक वजन त्याच जमिनीवर, त्याच हवेत सामावून घ्यावे लागते. म्हणून पिल्ले सोडतानाच उचलीचा उशीर गृहीत धरून संख्या ठरविणे शहाणपणाचे होय.

जास्त पक्षी म्हणजे जास्त नफा?

गर्दी केल्याने शेडमधील एकूण उत्पादन वाढते, हे नाकारता येत नाही. प्रत्येक पक्ष्याचे वजन घटले तरी पक्ष्यांची संख्या वाढल्याने एकूण किलो काहीसे अधिक भरतात. मोह निर्माण होतो तो यामुळेच. परंतु ते वाढीव किलो कोणत्या किमतीस पडतात, हे पाहिले पाहिजे.

समजा, ३००० चौरस फुटांच्या शेडमध्ये ३००० पिल्ले सोडली, मरतुक ४ टक्के झाली आणि सरासरी वजन २.२ किलो भरले. एकूण ६३३६ किलो माल निघेल. एक किलो वजनास १.६५ किलो खाद्य लागले, तर एकूण खाद्य सुमारे १०,४५० किलो होईल. आता त्याच शेडमध्ये ३६०० पिल्ले सोडली, मरतुक ८ टक्क्यांवर गेली, सरासरी वजन २ किलो भरले आणि किलोमागे १.८ किलो खाद्य लागले असे धरू. माल ६६२४ किलो निघेल व खाद्य सुमारे ११,९२० किलो लागेल. म्हणजे २८८ किलो अधिक मालासाठी ६०० पिल्ले आणि जवळजवळ १४७० किलो खाद्य जास्त खर्ची पडले. प्रत्येक वाढीव किलोस पाच किलोंहून अधिक खाद्य! बाजारभाव कोणताही असला तरी हा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरेल. हे उदाहरण केवळ हिशेबाची रीत समजण्यासाठी घेतले आहे. थंडीच्या दिवसांत व उत्तम व्यवस्थेत फरक कमी पडेल, तर मे महिन्यात तो याहूनही मोठा असू शकेल. प्रत्येकाने आपल्या मागील चार-पाच लॉटच्या नोंदी घेऊन अशी तुलना करावी.

करार पद्धतीने व्यवसाय करणाऱ्यांनी तर याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. या पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनी पुरविते. शेड, वीज, तूस व श्रम शेतकऱ्याचे असतात, आणि त्यास किलोमागे संगोपनाचा मोबदला मिळतो. खाद्य कंपनीचे आहे म्हणून त्याच्या नासाडीची झळ आपणास लागत नाही, असे समजणे भ्रामक आहे. मोबदल्याचा दर सामान्यतः उत्पादनखर्चाशी, म्हणजेच खाद्याचे रूपांतर व मरतुक यांच्याशी, निगडित असतो. ते बिघडले की दर उतरतो. म्हणून किती पिल्ले घ्यावयाची, कोणत्या वजनावर उचल होईल व उचलीस विलंब झाल्यास काय, या तीन गोष्टी करारात स्पष्ट लिहून घेणे शेतकऱ्याच्या हिताचे आहे. मुंबई परिसरात लहान पक्ष्यांनाही मागणी असते. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात काही पक्षी आधी विकून उरलेल्यांना जागा करून देता येते. मात्र त्या वेळी बाहेरची माणसे व खुराडी आत येतात. त्यांच्याबरोबर रोग येऊ नये म्हणून निर्जंतुकीकरणाची दक्षता घेतली पाहिजे.

गावातील गर्दी

गर्दी केवळ शेडच्या आत नसते. एकाच शिवारात लागून लागून शेड उभ्या राहिल्या, तर गावाच्या पातळीवरही गर्दी होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथील एका कुक्कुटगृहात सुमारे शंभर पक्षी दगावले. तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाल्यावर एक किलोमीटर त्रिज्येतील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचा निर्णय प्रशासनास घ्यावा लागला. याच राज्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील कोंबड्यांमधील या रोगाचा पहिला प्रादुर्भाव नोंदविला गेला होता. तेथेही कुक्कुटगृहे एकमेकांजवळ मोठ्या संख्येने होती. हा विषाणू गर्दीमुळे उत्पन्न होत नाही. परंतु तो एकदा आला की पक्षी जितके दाट व शेड जितक्या जवळ, तितके नुकसान अधिक व्यापक होते. ज्याच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता त्यासही त्या एका किलोमीटरच्या वर्तुळात आपले पक्षी गमवावे लागतात.

ग्रामपंचायतीची जबाबदारी येथे सुरू होते. नवी शेड उभारण्याचा प्रश्न आला की वस्ती, पाणवठा आणि शेजारची शेड यांपासूनचे अंतर पाहिले पाहिजे. तानसा व भातसा या जलाशयांचे पाणी महानगरास पुरविणाऱ्या तालुक्यात तर मेलेल्या पक्ष्यांची व वापरलेल्या गादीची विल्हेवाट हा विषय दुर्लक्षून चालणार नाही. मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. अचानक मोठी मरतुक झाल्यास ती लपवून न ठेवता पशुवैद्यकीय दवाखान्यास अथवा पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यास त्वरित कळवावे. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यान्वये अशी माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

कर्तव्य आणि कसोटी

पक्ष्यांच्या हालांचा विचार हा केवळ भूतदयेचा विषय राहिलेला नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्याची वाजवी काळजी घ्यावी व त्यास अनावश्यक यातना होऊ देऊ नयेत, असे बंधन घातले आहे. भारतीय विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये सादर केलेल्या २६९ व्या अहवालात अंडी देणाऱ्या व मांसल कोंबड्यांच्या निवाऱ्याचा व वाहतुकीचा स्वतंत्र विचार केला आहे.

शेडमध्ये गर्दी झाली आहे किंवा नाही, हे ओळखण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. गादीचा मूठभर भाग हातात घेऊन दाबावा. मूठ उघडताच तो मोकळा होऊन पडला तर गादी ठीक आहे. त्याचा घट्ट गोळा राहिला तर ओलावा वाढला आहे. शेडमध्ये पक्ष्यांच्या उंचीवर दोन मिनिटे खाली बसावे. डोळ्यांत पाणी आल्यास अमोनिया मर्यादेबाहेर गेला आहे असे समजावे. वीस-पंचवीस पक्षी उचलून त्यांचे तळपाय पाहावेत. काळे डाग दिसले तर गेल्या आठवड्यात गादीची हेळसांड झाली, हे निश्चित. टांगत्या खाद्याच्या एका भांड्यामागे ४० ते ५० पेक्षा अधिक पक्षी नसावेत. सकाळच्या थंड वेळीही पक्षी चोच उघडून बसलेले दिसले, तर दुपारची वाट न पाहता उपाय योजावेत.

हे सर्व शिकविण्यास शाळा हेही एक चांगले स्थान आहे. क्षेत्रफळ, सरासरी व शेकडेवारी यांची उदाहरणे गावातील शेडवरून घातली, तर मुले तो हिशेब घरी घेऊन जातील. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. अशा प्रसंगी हजार पक्ष्यांच्या आदर्श शेडची प्रतिकृती मांडून माहिती देता येईल. अनुदानातून शेड बांधून देणाऱ्या यंत्रणेनेही पाहणीच्या वेळी पक्ष्यांच्या संख्येबरोबरच दर फुटामागील किलो, गादीची स्थिती व मरतुक यांची नोंद पाहण्याची प्रथा पाडावी.

मांसल कोंबडीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. त्यांतील अखेरचे दोन आठवडे तिला श्वास घेण्यास, बसण्यास व चार पावले चालण्यास जागा मिळाली, तर तिने खाल्लेल्या खाद्याचे चीज होते. शहापूर-मुरबाडच्या उन्हाळ्यात आणि पावसात ही जागा देण्यासाठी शेतकऱ्यास नवीन शेड बांधावी लागत नाही. पिल्लांची पुढील मागणी नोंदविताना ती काहीशे पिल्लांनी कमी करावी लागते, एवढेच.